आरोग्य विद्यापीठाची पदवी: प्रवेश कोण देते, परीक्षा कोण घेते आणि परवाना कोणाकडून मिळतो?

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मुलीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार कार्डाच्या पाच-सहा झेरॉक्स घेऊन आलेले एखादे वडील खिडकीशी वाकून विचारतात, "साहेब, नाशिकला जाऊनच फॉर्म भरावा लागतो का?" पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि विद्यापीठ नाशिकला, तेव्हा प्रवेशही तिथेच मिळत असणार, हा त्यांचा हिशेब सरळ असतो. बहुतेक पदव्यांच्या बाबतीत मात्र तो चुकतो. विद्यापीठ प्रवेशाची यादी लावत नाही, वर्ग चालवत नाही आणि डॉक्टरकीचा परवानाही देत नाही. या शिक्षणाला एकाच वेळी अनेक धनी आहेत, आणि कोणते काम कोणाचे हे उमगले नाही की माणसे चुकीच्या दारात उभी राहून महिना-दीड महिना घालवतात.

हे विद्यापीठ १९९८ मध्ये राज्याच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाले. त्याआधी मुंबईची वैद्यकीय महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला, पुण्याची पुणे विद्यापीठाला आणि नागपूरची नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. ही जोडणी किती जुनी होती याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो: मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आणि मुंबई विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे इथे महाविद्यालयच विद्यापीठापेक्षा बारा वर्षांनी थोरले आहे. परंतु एकाच राज्यात एमबीबीएसची परीक्षा प्रत्येक विद्यापीठ आपापल्या वेळापत्रकाने घेणार, निकाल आपापल्या सवडीने लावणार आणि मग सर्वांनी पदव्युत्तर जागांसाठी एकाच रांगेत उभे राहायचे, ही व्यवस्था गैरसोयीची होती. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये आणि कर्नाटकाने १९९६ मध्ये आरोग्य शिक्षणासाठी वेगळे विद्यापीठ काढले होते. महाराष्ट्राने तोच मार्ग धरला. गोव्याला अशा विद्यापीठाची गरज भासलेली नाही. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, ज्याचे मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे, ते गोवा विद्यापीठालाच संलग्न आहे.

नाशिकच्या विद्यापीठाखाली केवळ एमबीबीएस येते हा दुसरा मोठा गैरसमज आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा व श्रवणविषयक पदवी, कृत्रिम अवयवांची पदवी, ऑप्टोमेट्री आणि पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी हे सारे याच छत्राखाली आहे. याउलट काही अभ्यासक्रम आरोग्याचे असूनही इथले नाहीत. बी.फार्म.ची पदवी सर्वसाधारण किंवा तंत्रशास्त्र विद्यापीठे देतात आणि तिचा प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो. नर्सिंगचे एएनएम आणि जीएनएम हे अभ्यासक्रम पदविकेच्या पातळीवरचे असल्याने तेही विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहतात. महाराष्ट्रातल्या भूमीवर असलेले प्रत्येक मेडिकल कॉलेज या विद्यापीठाचे असते असेही नाही. कराड, लोणी, सावंगी, पिंपरी अशा ठिकाणची अभिमत विद्यापीठे स्वतःची पदवी देतात आणि नागपूरची एम्स स्वतःची. गंमत अशी की पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय लष्कराचे असूनही त्याची पदवी मात्र नाशिकचीच असते. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर २०२१ मध्ये या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

आता प्रवेशाकडे येऊ, कारण खिडकीवरचे नव्वद टक्के प्रश्न तिथले असतात. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीसाठीही नीट हीच परीक्षा ग्राह्य धरली जाते. ती ७२० गुणांची असून बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. ती मराठीतूनही देता येते, हे अजून पुष्कळांना माहीत नसते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी आता राज्याने स्वतंत्र सीईटी सुरू केली आहे, त्यामुळे थोरल्या बहिणीचा अनुभव धाकटीला लागू पडतोच असे नाही.

नीटचा निकाल आला की पहिला घोटाळा 'पर्सेंटाइल' या शब्दापाशी होतो. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची अट ५० पर्सेंटाइलची आहे, याचा अर्थ ७२० पैकी ३६० गुण हवेत असा नाही. परीक्षेला बसलेल्या सर्वांना गुणांच्या क्रमाने उभे केले तर तुमच्या मागे किमान निम्मी माणसे असली पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. राखीव प्रवर्गांसाठी ही रेषा ४० पर्सेंटाइलवर आहे. प्रश्नपत्रिका अवघड असेल त्या वर्षी पात्रतेचे गुण खाली येतात आणि सोपी असेल त्या वर्षी वर जातात. शिवाय पात्र होणे म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे होय. शासकीय महाविद्यालयातली शेवटची जागा ज्या गुणांवर बंद होते ते गुण पात्रतेच्या गुणांपेक्षा खूपच वर असतात, आणि 'मुलगी नीट पास झाली' म्हणून गावात पेढे वाटून झालेल्या पालकांना हे समजावणे हे आमच्या नोकरीतले सर्वांत नकोसे काम आहे.

दुसरा घोटाळा अर्जांचा. नीटचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला, असे होत नाही. गुण एकच असले तरी प्रवेशाच्या रांगा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात आणि त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. अभिमत विद्यापीठांच्या जागाही तिच्याच हाती आहेत. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या अखिल भारतीय जागांसाठी वेगळी समिती आहे. राज्याच्या ८५ टक्के जागा मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'सीईटी सेल', आपल्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे 'कॅप'च्या, फेऱ्यांमधून भरतो. खासगी महाविद्यालयांतल्या १५ टक्के संस्थास्तरीय जागांचा मामला निराळा आणि अर्थातच महागडा असतो.

राज्याच्या ८५ टक्क्यांत शिरण्यासाठी केवळ अधिवासाचा दाखला पुरत नाही. एमबीबीएससाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. या अटीने गेल्या काही वर्षांत अनेक घरांना चटका दिला आहे, कारण मुलाला शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवताना त्याचे नाव तिथल्याच एखाद्या शाळेत बारावीला घातले जाते आणि दोन वर्षांनी उमगते की मुलगा जन्माने, भाषेने आणि रेशन कार्डाने महाराष्ट्राचा असला तरी राज्य कोट्यासाठी तो परका झाला आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ठरावीक अपवाद आहेत. सीमाभागातल्या वादग्रस्त गावांतील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठीही मोजक्या जागा राखून ठेवलेल्या असतात. बेळगाव-निपाणीकडच्या कुटुंबांनी ही तरतूद विसरू नये.

तिथेच एक जुना सल्लाही बाद करून टाकायला हवा. पूर्वी राज्यात ७०:३० हे प्रादेशिक सूत्र होते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून त्या त्या भागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच विद्यार्थ्यांना दिल्या जात. महाविद्यालये मराठवाड्यात कमी आणि उर्वरित महाराष्ट्रात जास्त, त्यामुळे जास्त गुणांचा मराठवाड्यातला मुलगा मागे राही आणि कमी गुणांचा दुसरीकडचा आत जाई, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केले. तरीही 'आपल्या भागातलेच कॉलेज आधी टाक, तिथे आपल्याला सवलत असते' असे सांगणारे काका अजून प्रत्येक घरात भेटतात. पसंतीक्रम भरताना साधा नियम असा की मिळेल असे वाटते ते आधी लिहायचे नाही. जे सर्वांत हवे आहे ते सर्वांत वर लिहायचे. वर लिहिलेले मिळाले नाही म्हणून खालच्या पसंतीचा हक्क कमी होत नाही.

कागदपत्रांत अडकणारे दोन कागद नेहमीचेच आहेत: जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला महिनेच्या महिने लागू शकतात, आणि नॉन-क्रिमीलेअर, ज्याची मुदत येत्या ३१ मार्चपर्यंत पोहोचावी लागते. हे दोन्ही अकरावीतच हाती घ्यावेत. शुल्काविषयी इतकेच सांगतो की खासगी महाविद्यालयाचे शुल्क महाविद्यालय स्वतःच्या मनाने ठरवत नाही, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण ती केंद्रीभूत फेऱ्यांतून आलेल्या मुलींना. संस्थास्तरीय कोट्यातून आलेल्या मुलीला ती मिळत नाही, आणि काही पालकांना ही गोष्ट पैसे भरल्यानंतर समजते.

प्रवेश झाला की विद्यार्थी पहिल्यांदा विद्यापीठाच्या नजरेत येतो. महाविद्यालय त्याची कागदपत्रे पात्रतेसाठी नाशिकला पाठवते आणि विद्यापीठ त्याला कायमचा नोंदणी क्रमांक देते, ज्याला सगळे 'पीआरएन' म्हणतात. परंतु शिकवणारे महाविद्यालयच असते, आणि महाविद्यालयाचा मालक आणखी वेगळा. शासकीय महाविद्यालये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची, मुंबईची केईएम, सायन, नायर ही महानगरपालिकेची, तर बाकीची खासगी संस्थांची. त्यामुळे वसतिगृहाच्या पाण्याची तक्रार विद्यापीठाकडे करून उपयोग नसतो. ती अधिष्ठात्यांकडे करायची असते. अभ्यासक्रमाचा आराखडा यांपैकी कोणीच ठरवत नाही. तो दिल्लीहून येतो: एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून, ज्याने २०२० मध्ये जुन्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेतली, आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग यांसाठी त्या त्या राष्ट्रीय संस्थेकडून. विद्यापीठ त्या चौकटीत परीक्षा घेते आणि महाविद्यालयांची दरवर्षी तपासणी करून संलग्नता देते.

प्रत्यक्ष शिक्षण कसे असते हे पाहायचे तर पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदन कक्षात जावे. नव्या, अजून इस्त्रीची घडी न मोडलेल्या ॲप्रनमधली मुले टेबलांभोवती उभी असतात. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येते, आणि त्यातल्या काहींना ते केवळ फॉर्मॅलिनने येत नसते. चिमटा हातात घेण्यापूर्वी देहाप्रती आदर राखण्याची शपथ सामूहिकपणे घेतली जाते. टेबलावरचा देह एखाद्या कुटुंबाने दान केलेला असतो किंवा १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली आलेला बेवारस देह असतो. तीन-चार महिन्यांनी हीच मुले त्याच टेबलापाशी मज्जातंतूंच्या नावांवरून हुज्जत घालताना दिसतात.

त्याच कक्षात परीक्षेच्या दिवशी 'स्पॉटर' लावतात. टेबलांवर क्रमांक लिहिलेले नमुने मांडलेले असतात, एखाद्या स्नायूवर वा रक्तवाहिनीवर टाचणीला चिकटवलेला रंगीत कागद असतो, आणि विद्यार्थ्याने ती कोणती रचना आहे ते लिहायचे असते. घंटा वाजली की पुढच्या नमुन्यावर सरकायचे. आठवले नाही तरी सरकायचेच. मागचे उत्तर पुढच्या टेबलावर आठवते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. नंतर तोंडी परीक्षा, आणि तिथे दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले बाह्य परीक्षकही बसलेले असतात, जे विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहत असतात. लेखी परीक्षा विद्यापीठ हिवाळी आणि उन्हाळी अशा सत्रांत घेते. निकाल पटला नाही तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी अर्ज करता येतो, मात्र त्याची मुदत थोडक्या दिवसांची असते आणि मुलांचे पहिले काही दिवस रडण्यात जातात.

परीक्षेला बसू देणे हा मात्र महाविद्यालयाच्या हातचा विषय आहे. एमबीबीएसला व्याख्यानांची ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांची ८० टक्के उपस्थिती लागते, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण लागतात आणि जर्नलवर 'कम्प्लिशन'च्या सह्या लागतात. यांपैकी काही कमी पडले की विद्यार्थी 'डिटेन' होतो. पहिले वर्ष उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात बसता येत नाही, पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात आणि एकूण अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. बारावीपर्यंत वर्गात पहिली-दुसरी आलेली मुले पहिल्या अंतर्गत परीक्षेत नापास होतात, हे इतके सर्रास घडते की त्याला अपवाद म्हणता येत नाही. कारण बुद्धीचे नसते. शिकवणीत चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली असते आणि इथे कोऱ्या कागदावर आकृती काढून दोन पाने इंग्रजीत लिहायची असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा धक्का अधिक बसतो, पण माझ्या पाहण्यात तो सहसा वर्षभरात ओसरतो, कारण नव्या संज्ञा इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही तितक्याच परक्या असतात.

आयुर्वेदाचे पहिले वर्ष वेगळा धक्का देते. साडेचार वर्षांचे शिक्षण दीड-दीड वर्षाच्या तीन टप्प्यांत विभागलेले आहे आणि पहिल्याच टप्प्यात संस्कृत, पदार्थविज्ञान आणि संहिता समोर येतात. इथले पदार्थविज्ञान म्हणजे शाळेतले फिजिक्स नव्हे, तर द्रव्य, गुण, कर्म यांचे दर्शनशास्त्र, हे समजेपर्यंत एखादी चाचणी होऊन गेलेली असते. एमबीबीएस हुकले म्हणून इकडे आलेल्या मुलांनी हा विषय आपल्याला मनापासून वाचावासा वाटेल का, हे प्रवेशापूर्वीच स्वतःला विचारलेले बरे. फिजिओथेरपी आजवर सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह, म्हणजे इंटर्नशिपसह, साडेचार वर्षांची राहिली आहे, पण संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय आयोग या अभ्यासक्रमांची नव्याने रचना करीत असल्याने कालावधी प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची, आता आठ सत्रांत विभागलेली आहे. या सर्वांत रुग्णाच्या सर्वांत जवळ लवकरात लवकर नर्सिंगचीच मुले पोहोचतात, आणि 'डॉक्टर नाही तर निदान नर्स' या सुरात त्या पदवीकडे पाहणाऱ्यांनी एकदा अतिदक्षता विभागातली रात्रपाळी पाहून यावी.

एमबीबीएसची साडेचार वर्षे संपली तरी पदवी हातात येत नाही, कारण बारा महिन्यांची आंतरवासिता बाकी असते. ती सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते, आणि विद्यार्थी पहिल्यांदा आणखी एका नव्या दाराशी उभा राहतो. या वर्षात तो औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूती असे विभाग फिरतो आणि १२ आठवडे समाजवैद्यकात, म्हणजे बहुधा एखाद्या ग्रामीण आरोग्य केंद्रात, काढतो. शासकीय महाविद्यालयांतील आंतरवासितांचे विद्यावेतन २०२४ मध्ये महिना ११,००० रुपयांवरून १८,००० रुपये करण्यात आले. पुढच्या पदव्युत्तर नीटचा अभ्यास याच वर्षात करायचा असल्याने अनेकांचा एक डोळा वॉर्डात आणि एक पुस्तकात असतो. रुग्णसेवेचे हे वर्ष त्यामुळे पातळ होते, असे माझे मत आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या बंधपत्रानुसार सामाजिक उत्तरदायित्वाची एक वर्षाची सेवाही द्यायची असते. हे बंधपत्र प्रवेशाच्या गर्दीत न वाचता सही करून दिले जाते आणि पाच-सहा वर्षांनी सर्वांना एकदम आठवते.

आंतरवासिता पूर्ण झाल्याचा दाखला महाविद्यालय देते, त्यावर विद्यापीठ पदवी देते आणि पदवीवर परिषद कायमची नोंदणी देते. रुग्ण तपासण्याचा हक्क या शेवटच्या कागदाने मिळतो. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, तसेच फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी यांच्या राज्य परिषदा वेगवेगळ्या आहेत आणि एकीच्या नोंदणीवर दुसरीचे काम करता येत नाही. दुसऱ्या राज्यात स्थायिक व्हायचे असेल तर इथल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथे नोंदणी करावी लागते. परदेशी जायचे असेल तर गुणांचे प्रतिलेख (ट्रान्सक्रिप्ट) विद्यापीठाकडून आणि वर्तणुकीचा दाखला परिषदेकडून घ्यावा लागतो, आणि दोघांचे अर्ज एकदम टाकलेले बरे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी त्या काळात निरंतर शिक्षणाचे ३० गुणांक जमवलेले असावे लागतात, म्हणून पंचवीस वर्षे दवाखाना चालवलेले डॉक्टरही चर्चासत्राच्या दाराशी नोंदवहीत सही करायला रांगेत उभे असलेले दिसतात.